प्रकल्प नोंदी: माइनक्राफ्टमधली वाडी, तिची तीन वावरं आणि सालगडी

८ नोव्हेंबर २०२५

जागा ठरली. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या संगणक-खेळात आम्ही उभारत असलेल्या सोलापूरच्या नकाशावर भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वराचं तळं आधीपासून उभं आहे. वाडी तळ्याच्या पूर्वेला, आणि तिच्याभोवती तीन वावरं: एक गाजराचं, एक बटाट्याचं, एक गव्हाचं. ज्वारी खेळात नाही. सोलापूरच्या वाडीत शाळू नसावा याची चुटपुट लागतेच, पण गहू पिकला की लांबून रंग तरी जुळतो.

आवृत्ती जावा १.२१.१ आणि ती प्रकल्प संपेपर्यंत बदलायची नाही. मोबाइलवरच्या बेडरॉक आवृत्तीत गडी (खेळ स्वतः चालवतो ते शेतकरी गावकरी) वेगळे वागतात, तेव्हा इथले आकडे तिकडे लावू नयेत.

सर्व्हर सुरू करताना पहिली तपासणी 'मॉबग्रीफिंग' या नियमाची, म्हणजे खेळातल्या जीवांना ब्लॉक बदलू द्यायचे की नाही. क्रीपरने (स्फोट करणाऱ्या राक्षसाने) घरं पाडू नयेत म्हणून बरेच जण तो बंद ठेवतात. तो बंद असला की गडी पीक कापत नाही आणि पेरतही नाही, नुसता वावरात फिरत राहतो. आपल्याकडे चालू आहे.

९ नोव्हेंबर

एका वावराचा आराखडा. ९ बाय ९ चा चौकोन, मध्यावर पाण्याचा १ ब्लॉक, बाकी ८० ब्लॉक नांगरलेली जमीन. पाणी आडवं चार ब्लॉकपर्यंत ओल देतं, कोपऱ्यातही. त्यामुळे ९ बाय ९ ला एकच पाणी पुरतं आणि दहावी ओळ कोरडी राहते. पाण्याच्या बरोबर वर कंपोस्टर, म्हणजे बियाण्याचं खत करणारं पिंप; तेच गड्याचं कामाचं ठिकाण. गडी पाण्यात उतरत नाही आणि त्याचं कामाचं ठिकाण सगळ्या बाजूंनी सारख्या अंतरावर येतं.

कुंपण ११ बाय ११ चं, म्हणजे ४० ब्लॉकचा घेर: ३९ कुंपणं आणि १ फाटक. चार फळ्या आणि दोन काठ्यांत तीन कुंपणं होतात, म्हणून ५२ फळ्या आणि २६ काठ्या धराव्यात. दाराऐवजी फाटकच. गडी लाकडी दार उघडतो, फाटक त्याला उघडता येत नाही. गाजराच्या वावराला कुंपण कुठेही तुटकं चालणार नाही, कारण ससे उभं पीक खातात.

उजेडाचा हिशोब नीट करून ठेवला, कारण यात हमखास उणीव राहते. पीक वाढायला उजेड ९ किंवा जास्त लागतो. मशाल १४ देते आणि दर ब्लॉकला १ कमी होतो. नुसत्या कुंपणावर मशाली लावल्या तर मधला भाग रात्री ८ वर येऊन थांबतो आणि रात्रभर तिथलं पीक तसंच राहतं. म्हणून कुंपणाच्या चार कोपऱ्यांवर ४, चार बाजूंच्या मध्यावर ४ आणि कंपोस्टरच्या वर एक ब्लॉक मोकळा सोडून १ ग्लोस्टोन (उजेड देणारा दगड). एवढ्यात ८० च्या ८० ब्लॉकवर ९ चा उजेड मिळतो.

शिवाय तांब्याच्या ३ विटांचा एक वीजरोधक दांडा. गड्यावर वीज पडली तर त्याची चेटकीण होते. दांडा १२८ ब्लॉकपर्यंतची वीज ओढून घेतो, त्यामुळे तिन्ही वावरांना एक बास.

१६ नोव्हेंबर

ओळीआड ओळ पिकं लावावीत की सलग एकच, यावर बरीच चर्चा झाली. हिशोब मांडल्यावर वाद उरला नाही.

रोपाच्या खालची ओली जमीन ४ गुण देते, शेजारचा प्रत्येक ओला ब्लॉक पाऊण गुण. आठही शेजारी ओले असले की एकूण १०. पण तेच पीक तिरप्या शेजारी असेल, किंवा उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना असेल, तर गुण निम्मे. मग २५ ला गुणांनी भागायचं, अपूर्णांक सोडायचा, १ मिळवायचा. जो आकडा येईल तेवढ्या संधींत एकदा वाढ होते. ओळीआड ओळ असेल तर ३ मध्ये एकदा, सलग पिकाला ६ मध्ये एकदा.

हाताने शेती करणाऱ्याला ओळीआड ओळच बरी. गड्याच्या हाती मात्र ओळी टिकत नाहीत. मोकळी नांगरलेली जमीन दिसली की तो आपले कप्पे पहिल्यापासून बघतो आणि पेरता येईल अशी पहिली जी वस्तू सापडेल ती पेरतो. आधी तिथे काय होतं ते त्याच्या लक्षात राहत नाही. गाजर आणि बटाटा एकत्र दिले तर वावर हळूहळू सरमिसळ होतं. मध्ये मोकळ्या ओळी सोडायच्या म्हटलं तर त्यांवर दगड किंवा पायवाट घालावी लागते, नाहीतर गडी त्याही पेरतो. मग रोपाला ४ आणि बाजूच्या दोघांचे दीड मिळून साडेपाच गुण मिळतात, म्हणजे ५ मध्ये एकदा. एवढ्याशा फरकासाठी निम्मं वावर पडीक ठेवणं परवडत नाही. सलग एकच पीक, हे ठरलं.

वेळेचा अंदाज: वाढीची ही संधी, म्हणजे खेळ चिठ्ठी टाकून देतो तो यादृच्छिक ठोका, एका ब्लॉकला सरासरी दर ६८ सेकंदांनी मिळते. गाजर, बटाटा आणि गहू यांना पिकायला ७ टप्पे ओलांडावे लागतात. ७ गुणिले ६ गुणिले ६८, म्हणजे सलग वावरातलं रोप सरासरी ४८ मिनिटांत तयार. कोणी खेळाडू जवळ असेल तेव्हाच हे लागू. १२८ ब्लॉकच्या पलीकडे सगळेच गेले तर पीक जागच्या जागी थांबतं.

२३ नोव्हेंबर

गडी बसवले. वाडीतल्या बेकारांना नावेत बसवून आणलं. नाव जमिनीवरही ओढता येते, रूळ टाकायची गरज नाही. कुंपणात सोडून कंपोस्टर ठेवला की डोक्यावर गवताची टोपी येते. हिरव्या डगल्याचे रिकामटेकडे कुठलंच काम घेत नाहीत, पण त्यांना घालवायचं नाही. त्यातला एक गाजराच्या वावराला लागणार आहे.

गड्याशी एकदा तरी सौदा करून घ्यावा. सौदा झाला की पेशा कायमचा. त्याआधी कंपोस्टर तुटला तर तो पुन्हा बेकार होतो आणि समोर पिंप दिसलं तर कोळी, धातूची भट्टी (ब्लास्ट फर्नेस) दिसली तर दुसरंच काही.

या प्रकल्पात सगळ्यात जपायची गोष्ट गड्याचे कप्पे. त्याच्याजवळ ८ कप्पे असतात. कापलेलं पीक आधी तिथे जातं आणि तिथून बाहेर कसं काढायचं त्यावर आपलं उत्पन्न ठरतं. कापणी तो आपसूक करतो, त्यात आपल्याला फारसं काही करायचं नसतं. म्हणून तिन्ही वावरं तीन वेगळ्या पद्धतींनी उभी केली आहेत. कप्पे खेळात उघडून बघता येत नाहीत. 'डेटा गेट एंटिटी' आज्ञेने जवळच्या गड्याची 'इन्व्हेंटरी' वाचता येते. काही बिनसलं की आधी तीच वाचायची, मग हातात कुदळ घ्यायची.

३० नोव्हेंबर

गाजराचं वावर, पद्धत पहिली: वाटप.

गडी उरलेलं अन्न दुसऱ्याला देतो. पाव ४ गुणांचा, गाजर, बटाटा आणि बीट १ गुणाचं. जवळ २४ गुण किंवा जास्त झाले की तो देणारा ठरतो. समोरच्याला भूक नसली तरी शेतकरी गडी फेकतोच. इतर पेशांचे लोक मात्र समोरचा उपाशी असेल तरच देतात. एका कप्प्यात ३२ च्या वर गाजरं असतील तर निम्मी फेकतो, २५ ते ३२ असतील तर २४ ठेवून वरची.

म्हणून कुंपणातला एक ब्लॉक काढून तिथे जमिनीच्या पातळीला हॉपर (वर पडलेला माल ओढून पुढे देणारं नरसाळं), त्यावर एक रूळ, रुळावर साधी खाणगाडी आणि गाडीत तो हिरवा रिकामटेकडा. गाडीतून त्याला उतरता येत नाही, त्यामुळे समोर भिंत लागत नाही आणि फेकलेली गाजरं अडत नाहीत. मागे आणि दोन्ही बाजूंना दगड. हॉपर खालच्या दुहेरी पेटीत रिकामा होतो, तिच्यात ३,४५६ गाजरं मावतात.

रिकामटेकड्याचे कप्पे आधी भरून टाकायचे: गव्हाचं बियाणं, ६४ चे ८ गठ्ठे, एकूण ५१२ दाणे त्याच्या पायाशी टाकायचे. हे राहिलं तर सुरुवातीची शेकडो गाजरं त्याच्याच खिशात जातील आणि हॉपरमध्ये दोष नसताना तो खोलून बघितला जाईल. काही गाजरं वाटेत वावरातच पडतात. ती गडी परत उचलतो, तोटा काही नाही.

वाटप कामाच्या वेळेत होत नाही, भेटीच्या आणि मोकळ्या वेळेतच होतं. खेळाचा दिवस २४,००० ठोक्यांचा, म्हणजे २० मिनिटांचा. २,००० ते ९,००० काम, ९,००० ते ११,००० घंटेजवळ भेट, १२,००० ला झोप. दुपारभर पेटीत एकही गाजर आलं नाही म्हणून कोणी काही तोडू नये. घंटा रिकामटेकड्याच्या शेजारी टांगली आहे, त्यामुळे भेटीच्या वेळी गडी आपोआप तिथे येऊन उभा राहतो. घंटा बनवता येत नाही, ३६ पाचूंना (पाचू हेच गावकऱ्यांचं चलन) विकत घ्यावी लागते. पैसे वसूल आहेत.

७ डिसेंबर

बटाट्याचं वावर, पद्धत दुसरी: भरलेले कप्पे.

इथे गडी एकटा. दुसरा गावकरी नजरेच्या टप्प्यात नको, नाहीतर वाटप सुरू होऊन कप्पे रिकामे होतात. कुंपणातून आरपार दिसतं, म्हणून हे वावर वाडीपासून दूर, तळ्याच्या पलीकडच्या अंगाला. गड्याला ५१२ बटाटे दिले. आता कापणी केली की एक बटाटा पेरायला जातो, एक जागा भरायला उचलतो आणि उरलेले जमिनीवर. पिकलेलं बटाट्याचं रोप २ ते ५ नग देतं, सरासरी ३.७.

जमिनीवरचे नग ५ मिनिटांत नाहीसे होतात, त्याआधी उचलायला वावराखाली हॉपरची खाणगाडी. ती वरच्या ब्लॉकमधूनही माल ओढते. नऊ ओळींचा नागमोडी रूळ, एकूण ८१ तुकडे. वळणावर पॉवर्ड रूळ (गाडीला वेग देणारा) बसत नाही, म्हणून प्रत्येक सरळ ओळीच्या मध्यावर एक, त्याच्या खालच्या ब्लॉकला तळातून रेडस्टोन मशाल (खेळातली वीज देणारी). दोन्ही टोकांना पॉवर्ड रूळ आणि पुढे दगड, म्हणजे गाडी थांबून आपोआप उलटी फिरते.

दोन ठिकाणी घोळ होतो. पहिलं, मधलं पाणी: खाली रूळ आहे, पाणी उतरलं की रूळ उखडून वाहतो. तिथे खालच्या अर्ध्याचा स्लॅब (अर्ध्या उंचीचा ब्लॉक) ठेवून त्यात बादली ओतायची. स्लॅबमधलं पाणी खाली गळत नाही आणि जमिनीला ओल मिळते. दुसरं, गाडी रिकामी करणं: हॉपर ८ ठोक्यांना एकच नग ओढतो आणि धावती गाडी एका ब्लॉकवर त्याहून कमी वेळ असते. एकाच हॉपरवर गाडीतला माल साठत जातो. टोकाच्या तीन रुळांखाली तीन हॉपर ठेवले, आता पुरतात. ८० रोपांतून पेरणी वजा जाता फार तर २१७ बटाटे, म्हणजे तासाला २७० च्या आसपास, हीच वरची मर्यादा.

१० डिसेंबर

विषारी बटाटे. शंभरातल्या दोन रोपांमागे एखादा निघतो. गडी ते उचलत नाही, गाडी उचलते. कंपोस्टरही ते घेत नाही. गाळणी लावली: हॉपरच्या पहिल्या कप्प्यात ४१ चांगले बटाटे, बाकी चारांत नाव बदललेल्या काठ्या एकेक. ४६ वा नग आला की कंपॅरेटरचा (हॉपर किती भरला ते मोजणाऱ्या यंत्राचा) जोर २ वरून ३ होतो आणि खालचा हॉपर उघडतो. काठ्यांचं नाव बदलणं आवश्यक, नाहीतर साधी काठी वाहत आली तर तिथेच चिकटते. उरलेला माल लाव्ह्यात.

२१ डिसेंबर

गव्हाचं वावर वाडीला मोकळं ठेवलं आहे, इथे पेटी नाही. गडी कंपोस्टरजवळ आला की तीन गव्हांचा एक पाव करतो, एका वेळी जास्तीत जास्त ३, आणि जवळ ३६ च्या वर पाव असले की थांबतो. वाडीला भाकरी मिळते, पोरं वाढतात. जोडीतल्या प्रत्येकाकडे ३ पाव किंवा १२ गाजरं आणि एक मोकळा पलंग असला की मूल होतं. पलंगावर दोन ब्लॉक उंची मोकळी हवी. मूल २० मिनिटांत मोठं होतं.

जुन्या पद्धतीत गव्हाच्या गड्याचे कप्पे बियाण्याने भरून गहू खाली पाडत. आताच्या आवृत्तीत ते टिकत नाही. गडी आता प्रत्येक प्रकारचं १० बियाणं राखून जास्तीचं कंपोस्टरमध्ये घालतो, एका खेपेला २० पर्यंत, आणि कप्पे पुन्हा मोकळे होतात. त्या बदल्यात हाडांचं खत मिळतं आणि तो ते स्वतःच पिकाला घालतो. पहिला थर हमखास चढतो, पुढचे सहा ३० टक्क्यांनी, म्हणजे सरासरी २१ दाण्यांना एक खत. बियाणं वाया जात नाही, हे आम्हाला फार आवडलं आहे.

२७ डिसेंबर

गव्हाचं वावर दोन दिवस पडून राहिलं होतं. गडी रोज सकाळी पेठेच्या दिशेला जाऊन कुंपणाला धडकत होता. कारण पेठेत दुकानांपुढे शोभेला ठेवलेले कंपोस्टर. कामाची जागा गावकरी ४८ ब्लॉकपर्यंत शोधतात. दुरुस्ती करताना वावरातला कंपोस्टर एकदा काढला गेला, तेवढ्या वेळात गड्याने पेठेतला धरला. पेठेतले सगळे कंपोस्टर काढून तिथे फुलांच्या कुंड्या ठेवल्या. यापुढे वाडीत शोभेला कंपोस्टर, पिंप, भट्टी, माग यातलं काहीही नको. चादरीच्या कारखान्यातले माग अपवाद, पण ते ४८ ब्लॉकच्या बाहेर हलवायचे.

४ जानेवारी २०२६

वीज गेली आणि सर्व्हर मधेच बंद पडला. परत आल्यावर बटाट्याचा गडी उभाच. जमीन, गावकरी आणि कामाच्या जागा या तीन गोष्टी वेगवेगळ्या फोल्डरांत साठतात, तेव्हा अर्धवट साठवण झाली तर त्यांचा मेळ बसत नाही: कंपोस्टर दिसतो पण नोंदवहीत तो दुसऱ्याच कोणाच्या नावावर असतो. कंपोस्टर तोडून त्याच जागी पुन्हा ठेवला, कामाच्या वेळेत हिरवे कण उडाले, गडी लागला कामाला. सर्व्हरच्या मशीनला यूपीएस जोडला असून वीज गेल्यावर लगेच 'सेव्ह ऑल' आणि 'स्टॉप' या आज्ञा देणारी छोटी स्क्रिप्ट लावली.

१० जानेवारी

गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) सुट्ट्यांत खेळणारे वाढणार, म्हणून झोपेचा नियम बदलला. 'प्लेयर्स स्लीपिंग पर्सेंटेज' १०० चा २५ केला, चौघांत एक झोपला की रात्र सरते.

शेतीलाही याचा फायदा आहे, आणि तो सहसा कोणी मोजत नाही. रात्र उडी मारून गेली तरी पीक त्या उडीत वाढत नाही. पीक खऱ्या घड्याळावर चालतं. गडी मात्र खेळाच्या घड्याळावर चालतो. पूर्ण दिवस चालला तर २४,००० पैकी ७,००० ठोके काम, म्हणजे २९ टक्के. संध्याकाळी पलंग वापरता येतो तेव्हाच झोपलं तर फेरी साधारण १२,६०० ठोक्यांची होते आणि काम ५५ टक्के. पिकलेलं रोप वावरात कमी वेळ उभं राहतं. वाटपाची वेळही दुप्पट वेळा येते, त्यामुळे गाजराची पेटी लवकर भरते.

१८ जानेवारी

गाजराची विक्री सुरू. २२ गाजरांना १ पाचू, एका भरण्यात १६ सौदे, म्हणजे ३५२ गाजरं; मग गडी पुन्हा भरणा करेपर्यंत सौदा बंद. दिवसात दोनदा भरणा होतो, पण त्यासाठी विकत घेणाऱ्या गड्याला स्वतःच्या कंपोस्टरपर्यंत पोचता आलं पाहिजे. २६ बटाट्यांना १ पाचू. बटाट्याचा गडी एकटा ठेवायचा असल्याने सौद्याला वेगळा गडी पेठेजवळ, स्वतंत्र कंपोस्टरसह, आणि त्याच्या कुंपणात नांगरलेली जमीन नाही.

पुढचं काम बिटाचं वावर. बीट कमी टप्प्यांत पिकतं, पण त्याचं बियाणं वेगळं असतं आणि कप्पे अडवतं, म्हणून गव्हासारखा कंपोस्टर हाताशी आणि गाजरासारखा रिकामटेकडा, दोन्ही लागतील. वाडीत हिरव्या डगल्याचा आणखी एक आहे, तो बाजूला ठेवला आहे.